नॉर्थ कॅरोलायनात चार्टर शाळा: अर्जापासून पहिल्या दिवसापर्यंत

मुलगी पुण्यात दुसरीत आणि मुलगा सीनियर केजीत असताना आम्ही नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी या गावी राहायला आलो. पहिल्याच रविवारी मराठी शाळेच्या बाहेर उभी होते, तेव्हा ओळख झालेल्या तिघांनी मला तीन गोष्टी सांगितल्या. एकीने सांगितलं, चार्टर म्हणजे खाजगी शाळा, फी भरावी लागते. दुसरी म्हणाली, प्रवेशपरीक्षा असते, आतापासून गणिताची तयारी घ्या. तिसरे गृहस्थ म्हणाले, शाळेच्या जवळच घर घ्यायला हवं, नाहीतर घेत नाहीत. तिन्ही गोष्टी चुकीच्या होत्या, आणि त्यांच्या नादात आमचा सुरुवातीचा बराच वेळ वाया गेला. तुमचा जाऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. नियम राज्याराज्यांत बदलतात. मी नॉर्थ कॅरोलायनाबद्दल लिहिते आहे. तुम्ही टेक्सास, ॲरिझोना किंवा न्यू जर्सीत असाल, तर ढाचा साधारण हाच धरा, पण मुदती आणि नियम तिथले बघा.

१. चार्टर म्हणजे काय, ते आधी नीट समजून घ्या

चार्टर शाळा ही सरकारी पैशावर चालणारी सार्वजनिक शाळा आहे. फी नाही. फरक इतकाच, की ती शालेय जिल्ह्याचं (स्कूल डिस्ट्रिक्ट) शिक्षण मंडळ चालवत नाही. एक ना-नफा संस्था राज्याशी करार करते, त्या कराराला 'चार्टर' म्हणतात. आपल्याकडच्या अनुदानित शाळांशी याचं थोडं साम्य आहे: संस्था खाजगी, पैसा सरकारचा. पण अनुदानित शाळेत सरकार शिक्षकांचे पगार देतं, इथे पैसा मुलामागे जातो. मूल चार्टरला गेलं की त्याच्या वाट्याचा निधी जिल्ह्याकडून त्या शाळेकडे वळतो. जिल्ह्याच्या शाळांचे शिक्षक आणि बरेच पालक चार्टरवर नाराज का असतात, ते इथे कळतं. त्यांची बाजू खोटी नाही. मूल गेलं तरी जिल्ह्याची बस, इमारत, वर्गातला शिक्षक यांचा खर्च तेवढाच राहतो.

कल्पना तशी जुनी नाही. शिक्षक संघटनेचे अध्यक्ष अल्बर्ट शँकर यांनी १९८८ मध्ये ती देशापुढे मांडली. १९९१ मध्ये मिनेसोटाने पहिला कायदा केला आणि १९९२ मध्ये सेंट पॉलला पहिली चार्टर शाळा उघडली. नॉर्थ कॅरोलायनाचा कायदा १९९६ चा. सुरुवातीला राज्यात १०० शाळांची मर्यादा होती, ती २०११ मध्ये उठवली. आज दोनशेहून जास्त शाळा आहेत. २०२३ पासून नव्या शाळांना मंजुरी देणं आणि जुन्यांचे करार वाढवणं हे चार्टर स्कूल्स रिव्ह्यू बोर्ड हे राज्याचं मंडळ बघतं. करार जास्तीत जास्त १० वर्षांचा असतो. शाळेचे निकाल किंवा हिशोब बिघडले, तर तो वाढत नाही आणि शाळा बंद होऊ शकते.

सूट कशात मिळते? अभ्यासक्रमाची मांडणी, वेळापत्रक आणि शिक्षकांची निवड यात. इथे चार्टरमधल्या निम्म्या शिक्षकांकडेच राज्याचा परवाना असणं बंधनकारक आहे. सूट नाही ती अशी: राज्याच्या वार्षिक परीक्षा द्याव्याच लागतात, धर्म शिकवता येत नाही, दिव्यांग मुलांना नाकारता येत नाही आणि हुशारी किंवा गुण बघून प्रवेश देता येत नाही. ही शेवटची गोष्ट कायद्यातच लिहिलेली आहे. तेव्हा प्रवेशासाठी क्लास लावायला कोणी सांगितलं, तर पैसे वाचवा. प्रवेश मिळाल्यावर गणिताचा गट ठरवण्यासाठी शाळा चाचणी घेते, तिचा प्रवेशाशी संबंध नाही.

मॅग्नेट शाळा, म्हणजे एखाद्या विषयावर किंवा शिकवण्याच्या पद्धतीवर खास भर देणारी शाळा, ही वेगळी गोष्ट. ती जिल्ह्याचीच असते, अर्जही जिल्ह्याकडे जातो. दोन्हींचे अर्ज वेगवेगळे आणि दोन्हीकडे एकाच वर्षी करता येतात.

२. सगळ्यात आधी बेस स्कूलमध्ये नाव घाला

पत्त्यावरून तुम्हाला ठरवून दिलेली जिल्ह्याची शाळा म्हणजे बेस स्कूल. भाडेकरार हातात आला, की चार्टरची वाट न बघता तिथे नोंदणी करा. चार्टरला प्रवेश मिळालाच, तर नाव काढून घेता येतं.

आम्ही उलट केलं. चार्टर मिळेल या भरवशावर ऑगस्ट उजाडला आणि तेव्हा कळलं, की आमच्या बेस स्कूलवर 'कॅप' आहे, म्हणजे शाळा भरलेली आहे आणि नवीन मुलांना दुसऱ्या शाळेत पाठवतात. केरी ज्यात येतं त्या वेक कौंटीत वस्ती वेगाने वाढलेल्या भागांत हे होतं. ती दुसरी शाळा लांब होती आणि मुलगी पहिले तीन आठवडे रोज रडत गेली. नोंदणी लवकर केली असती, तर काय मार्ग आहेत हे शांतपणे विचारता तरी आलं असतं.

बेस स्कूल म्हणजे दुय्यम, असं मनात आणू नका. आमच्या ओळखीच्या अनेक घरांतली मुलं तिथेच राहिली आणि उत्तम शिकताहेत.

३. शाळा पारखून घ्या

'चार्टर' या शब्दावरून शाळा चांगली की वाईट, हे ठरत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या क्रेडो या केंद्राने २०२३ मध्ये देशभरातला मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या हिशोबात चार्टरमधली मुलं तशाच इतर मुलांपेक्षा वर्षाला वाचनात १६ दिवसांच्या आणि गणितात ६ दिवसांच्या शिक्षणाइतकी पुढे होती. ही झाली सरासरी. त्याच अभ्यासात पूर्ण ऑनलाइन चालणाऱ्या चार्टर शाळा खूपच मागे पडलेल्या दिसल्या. त्यामुळे समोरची एकेक शाळा तपासावी लागते.

मी काय तपासते, ते सांगते.

राज्य प्रत्येक शाळेचं रिपोर्ट कार्ड ऑनलाइन टाकतं. त्यावर ए ते एफ असं एक अक्षर असतं आणि आपल्यासारखे पालक तेवढंच बघून थांबतात. त्या अक्षराचा ८० टक्के भार मुलांच्या गुणांवर असतो आणि फक्त २० टक्के प्रगतीवर. घरी पुस्तकं असलेली, शिकवणीला जाणारी मुलं जिथे जमतात, तिथे ए येणारच. त्यात शाळेचं श्रेय किती, हे अक्षरावरून कळत नाही. त्याच पानावर 'ग्रोथ' वेगळी दिलेली असते: अपेक्षेपेक्षा जास्त, अपेक्षेइतकी किंवा कमी. मुलं गेल्या वर्षी जिथे होती तिथून किती पुढे आली, ते यात दिसतं. बी अक्षर आणि अपेक्षेपेक्षा जास्त प्रगती अशी शाळा मला ए अक्षर आणि कमी प्रगतीच्या शाळेपेक्षा केव्हाही आवडेल. एका वर्षाचं न बघता तीन-चार वर्षांचं बघा.

दुसरं म्हणजे शाळा चालवतं कोण? काही संस्था स्वतःच चालवतात. काही ठिकाणी संस्था नावापुरती आणि रोजचा कारभार नफ्यासाठी चालणाऱ्या व्यवस्थापन कंपनीकडे असतो. हे बेकायदा नाही आणि अशा काही शाळा चांगल्याही आहेत, पण आपल्याला माहीत असावं. शाळेच्या संचालक मंडळाच्या सभा कायद्याने खुल्या असतात. तारखा शाळेच्या साइटवर असतात. एका सभेला जाऊन बसा. अर्ध्या तासात कळतं, की चर्चा मुलांच्या वाचनाची चालली आहे की भाड्याच्या थकबाकीची. जिल्ह्याच्या शाळांसारखी सरकारी इमारत चार्टरला मिळत नाही, म्हणून जुन्या दुकानांच्या रांगेत किंवा चर्चच्या इमारतीत भरणाऱ्या शाळा दिसतील. त्याने बिचकू नका, पण पैशाची चणचण खरी असते. २०१३ मध्ये किन्स्टन चार्टर अकॅडमी ही शाळा वर्ष सुरू झाल्यावर काही दिवसांतच बंद पडली आणि पालकांना मुलं घेऊन धावाधाव करावी लागली. अगदी नवीन, पहिल्याच वर्षातल्या शाळेबद्दल म्हणूनच मी जरा सावध असते.

तिसरं, शिक्षक किती टिकतात? ओपन हाउसला, म्हणजे पालकांना शाळा दाखवायच्या दिवशी गेलात, की भेटेल त्या प्रत्येक शिक्षकाला एकच विचारा: 'तुम्ही इथे किती वर्षं आहात?' मी एका शाळेत पाच जणांना विचारलं, पाचही जण पहिल्या-दुसऱ्या वर्षातले निघाले. आम्ही तिथे अर्ज केला नाही.

आणि शाळा कितवीपर्यंत आहे, तेही बघा. आठवीला संपणारी शाळा असेल, तर हायस्कूलसाठी पुन्हा शोधाशोध आलीच.

४. अर्ज

अर्ज सोपा आहे. ऑनलाइन, दहा मिनिटांचं काम, आणि फी नाही. कोणी अर्जासाठी पैसे मागितले तर थांबा आणि चौकशी करा. बहुतेक शाळा हिवाळ्यात अर्ज घेतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये सोडत काढतात, पण प्रत्येक शाळेची मुदत वेगळी असते. नोव्हेंबरमध्येच एक कागद घेऊन शाळा, शेवटची तारीख आणि सोडतीची तारीख लिहून फ्रिजवर लावा.

राज्यातल्या कुठल्याही चार्टरला अर्ज करता येतो, कौंटीची सीमा आडवी येत नाही. प्रवेश घेताना मात्र साधारणपणे तुम्ही राज्यात राहत असायला हवं. अजून पुण्या-नाशिकहून निघालाच नसाल, तर अर्ज आत्ता चालेल का, हे त्या शाळेला ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

इथे होणाऱ्या चुका:

- इयत्ता चुकीची टाकणं. अर्ज येत्या वर्षीच्या इयत्तेसाठी असतो. किंडरगार्टनसाठी, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गासाठी, मूल ३१ ऑगस्टपर्यंत ५ वर्षांचं पूर्ण हवं. आपल्याकडे सीनियर केजी झालेलं मूल वयामुळे इथे पुन्हा किंडरगार्टनला बसू शकतं. माझ्या मुलाचं तसंच झालं, आणि त्याचं काही नुकसान झालं नाही.
- एकाच मुलाचे दोन अर्ज. आईने एक, बाबाने एक. शाळा दोन्ही बाद करू शकते.
- भावंडांची जोडणी न करणं. एक मूल आधीच शाळेत असेल, तर दुसऱ्याला प्राधान्य देता येतं. फॉर्मवर तसा रकाना असतो, तो रिकामा सोडू नका. जुळ्यांचं तर सोडतीत एकच नाव पडतं, ते लागलं की दोघांना प्रवेश.
- नावातली तफावत. आपण मधे वडिलांचं नाव लावतो. पासपोर्टवर असेल तसंच अर्जात, लसीच्या कागदावर आणि नोंदणीत लिहा.

५. सोडत आणि प्रतीक्षायादी

पुण्यात आरटीईच्या २५ टक्के जागांची ऑनलाइन सोडत ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना ही धाकधूक नवी नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले, की चिठ्ठ्या टाकण्याशिवाय शाळेकडे दुसरा मार्ग नाही. भावंडं, शाळेच्या कर्मचाऱ्यांची मुलं अशा काही ठरावीक गटांना प्राधान्य देता येतं, बाकी सगळे सारखे. कोणाची ओळख लावून काही होत नाही, आणि हे मला या व्यवस्थेतलं सगळ्यात न्याय्य वाटतं.

नाव लागलं, तर ईमेल येतो आणि उत्तर द्यायला काही दिवसच असतात, कधी अवघे ४८ तास. पहिल्या वर्षी आलेला आमचा ईमेल स्पॅममध्ये जाऊन पडला. चौथ्या दिवशी दिसला तेव्हा जागा पुढच्या मुलाला गेली होती. शाळेला फोन केला, त्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, पण नियम नियम होता. तेव्हा अर्ज केल्याच्या दिवशीच शाळेचा पत्ता संपर्कयादीत टाका आणि सोडतीच्या आठवड्यात रोज स्पॅम उघडून बघा. त्या काळात भारतात जाणार असाल, तर इथला फोन नंबर चालू ठेवा.

नाव नाही लागलं, तर प्रतीक्षायादीत क्रमांक मिळतो. मोठा आकडा बघून निराश होऊ नका. लोक एकाच वेळी पाच-सहा ठिकाणी अर्ज करतात, त्यामुळे यादी उन्हाळाभर सरकते. शाळा सुरू होण्याच्या आसपास ती सगळ्यात जास्त हलते, कारण जागा घेऊनही न येणारी मुलं तेव्हाच कळतात. आम्हाला दुसऱ्या वर्षी जागा मिळाली ती ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात. यादी सहसा पुढच्या वर्षी चालत नाही, नव्याने अर्ज करावा लागतो.

६. कागदपत्रं

- मुलाचा जन्मदाखला. पालिकेचा जुना दाखला काढून बघा. बारशाआधी काढलेला असेल, तर त्यावर मुलाचं नावच नसतं. नाव घालून नवीन दाखला भारतातूनच करून आणा. इथून ते काम करणं फार त्रासाचं आहे. फक्त मराठीत असेल, तर इंग्रजी प्रत घ्या.
- मुलाचा पासपोर्ट
- पत्त्याचा पुरावा: भाडेकरार किंवा घराची कागदपत्रं, शिवाय अलीकडचं वीज किंवा पाण्याचं बिल
- पालकांचं ओळखपत्र
- मागच्या दोन वर्षांच्या गुणपत्रिका. शाळा सोडल्याचा दाखला आणा, पण इथे तो कोणाला फारसा कळत नाही. शाळेच्या लेटरहेडवर इयत्ता, विषय आणि हजेरी इंग्रजीत लिहून आणलेलं पत्र जास्त कामाला येतं.
- आरोग्य तपासणीचा राज्याचा फॉर्म. राज्यातल्या सार्वजनिक शाळेत पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येक मुलाला तो लागतो, इयत्ता कोणतीही असो. तपासणी प्रवेशाआधीच्या १२ महिन्यांतली हवी आणि फॉर्म शाळा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत द्यावा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये डॉक्टरांची वेळ मिळणं अवघड असतं, आल्या आल्या घेऊन टाका.
- लसीकरणाची नोंद

सोशल सिक्युरिटी नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक) नसला तरी अडत नाही. एच-४ किंवा एल-२ या, पालकांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसांवरच्या मुलांनाही इतर मुलांइतकाच हक्क आहे. सार्वजनिक शाळेने इमिग्रेशनच्या कारणावरून मूल नाकारायचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच ठरवून दिलं आहे.

लसींबद्दल जरा थांबून वाचा, आपली मुलं इथेच अडकतात. आपल्या सरकारी दवाखान्यात गोवर-रुबेलाची एमआर लस देतात, त्यात गालगुंड नसतं. इथे गालगुंडही असलेल्या एमएमआर लसीचे दोन डोस लागतात आणि पहिला डोस पहिल्या वाढदिवसानंतरचाच धरतात, म्हणजे नवव्या महिन्यातला डोस मोजलाच जात नाही. कांजिण्यांची लस आपल्या सरकारी वेळापत्रकात नाही, इथे हवी. पोलिओचं तर कोणाला माहीतच नसतं: १ एप्रिल २०१६ पासून तोंडावाटे दिलेले थेंब अमेरिकेत धरत नाहीत, कारण त्या महिन्यात जगभर लसीतला एक प्रकार कमी केला गेला. इंजेक्शनवाटे पूर्ण मात्रेत दिलेले डोस मोजतात. मुलाला पल्स पोलिओचे दहा डोस मिळालेले असोत, कागदावर शून्य दिसू शकतं.

आणि तारखा! आपण आधी दिवस लिहितो, इथे आधी महिना. ७/४ म्हणजे आपला ७ एप्रिल, इथल्या नर्सचा ४ जुलै. माझ्या मुलाची एक लस त्यामुळे त्याच्या जन्माच्या आधी दिलेली दिसत होती. भारतातल्या डॉक्टरांकडून महिना अक्षरांत लिहिलेली, सही-शिक्क्याची इंग्रजी यादी घेऊनच निघा. राहिलेले डोस ३० दिवसांत पूर्ण होण्यासारखे नसतील, तर डॉक्टरांनी पुढच्या तारखा लिहून दिल्यावर मुदत वाढते.

७. गाडी आणि डबा

हो म्हणण्याआधी रोजचा प्रवास करून बघा. चार्टरला जिल्ह्यासारखी पिवळी बस चालवण्याची सक्ती नाही. काही शाळा मोजक्या थांब्यांवर बस देतात, बऱ्याच देत नाहीत. मग सकाळ-संध्याकाळ 'कारपूल', म्हणजे मुलांना सोडायला-आणायला लागणारी गाड्यांची रांग. दुपारची रांग अर्ध्या-पाऊण तासाची असू शकते. आठवड्यातल्या एखाद्या दिवशी शाळेच्या वेळेला घरून गाडी काढून जाऊन या आणि घड्याळ बघा. आमच्या घरी तेव्हा एकच गाडी होती आणि मला अजून लायसन्स नव्हतं. प्रवेशाची सगळी तयारी झाली, पण मुलीला शाळेत कोण सोडणार, याचा विचारच राहून गेला होता. शेवटी जवळच राहणाऱ्या एका तेलुगू कुटुंबाने दोन महिने तिला नेलं-आणलं. मदत मागायला संकोचू नका, इथे सगळे असेच सावरले आहेत.

कँटीनही प्रत्येक शाळेत नसतं, त्यामुळे रोजचा डबा आला. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली मुलं वर्गात असतील, तर शाळा शेंगदाणे आणू देत नाही किंवा वेगळ्या टेबलावर बसवते. आपल्या साबुदाण्याच्या खिचडीत, भरल्या वांग्यात, काकडीच्या कोशिंबिरीत, सगळीकडे कूट. हा नियम मनापासून पाळा, दुसऱ्याच्या मुलाच्या जिवाचा प्रश्न असतो.

८. नोंदणीच्या वेळचे दोन प्रश्न

घरी कोणती भाषा बोलता, असा एक फॉर्म येतो. मराठी लिहिलं, तर मुलाला खालच्या वर्गात टाकतील, या भीतीने अनेक जण इंग्रजी लिहितात. असं करू नका. मराठी लिहिल्यावर मुलाच्या इंग्रजीची एक चाचणी होते. गरज दिसली, तर जादा मदत मिळते, नाहीतर विषय तिथेच संपतो. इयत्ता बदलत नाही. माझ्या मुलीला वर्षभर ती मदत मिळाली आणि तिथल्या बाईंमुळेच ती वर्गात बोलायला लागली.

दुसरं, मुलाला शिकण्यात, बोलण्यात किंवा लक्ष देण्यात अडचण असेल, तर लपवू नका. विशेष शिक्षणाचे केंद्रीय कायदे चार्टरलाही लागू आहेत. मूल्यमापनाची मागणी लेखी द्या, ईमेलही चालतो, आणि तारीख जपून ठेवा. 'आमच्याकडे ती सोय नाही, तुम्ही जिल्ह्याच्या शाळेत बघा' असं तोंडी सांगून पालकांना परत पाठवल्याचं मी ऐकलं आहे. तसं म्हणता येत नाही. हेच वाक्य लेखी द्या, असं नम्रपणे सांगा.

९. एकदा आत गेल्यावर

दरवर्षी नव्याने सोडत नसते, मिळालेली जागा तुमचीच राहते. पण पुढच्या वर्षी येणार का, असा एक फॉर्म शाळा हिवाळ्यात पाठवते. तो भरला नाही तर शाळा तुमची जागा रिकामी धरू शकते. धाकट्याचा अर्जही त्याच सुमारास असतो. भावंड म्हणून प्राधान्य असलं तरी अर्ज मुदतीतच करावा लागतो. देणगीसाठी आणि पालकांनी शाळेत ठरावीक तास काम करावं यासाठी पत्रं येतील. जमेल तेवढं करा, देणगी ऐच्छिक असते. आणि चार्टरमध्ये मुलाचा पहिला दिवस पार पडला, की त्याच दिवशी बेस स्कूलला ईमेल करून नाव काढून घ्या. त्या जागेसाठीही कोणीतरी यादीत थांबलेलं असतं.